उपकार आणि उत्तेजन : बेथेलच्या न लिहिल्या गेलेल्या आत्मचरित्राविषयी

आधुनिक मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास मुंबईत सुरू होतो, अहमदनगरला स्थिरावतो, बेळगाव-पुण्याला बाबा पदमनजींच्या निमित्ताने वळसा घालतो आणि केडगावला पंडिता रमाबाईंपाशी येऊन टेकतो. जालना या वाटेवर लागत नाही. याचे कारण उघड आहे. वाङ्मयाचा इतिहास पुस्तकांच्या मागून चालतो, आणि जालन्याने त्याच्या हाती पुस्तक दिले नाही. निजामाच्या मुलखातले, इंग्रजी छावणीचे, कुंडलिकेच्या काठचे हे व्यापारी गाव. 'जालना सोने का पालना' ही त्याची ख्याती बाजारपेठेची, छापखान्याची नव्हे.

तरीही एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी जगात जालन्याचे नाव स्कॉटलंडपासून न्यूयॉर्कपर्यंत पोहोचले होते, आणि ते एका मराठी माणसामुळे. रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला, १८५४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, १८६० नंतरच्या काही वर्षांत तो जालन्याला गेला आणि तिथल्या मांग समाजात त्याने उरलेले आयुष्य घातले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचे एक स्वतंत्र गाव वसवले. त्याचे नाव बेथेल.

या माणसाच्या नावावर 'अरुणोदय'सारखे आत्मचरित्र नाही. त्याच्या घरातून कोणी 'स्मृतिचित्रे' लिहिली नाहीत. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते मुख्यतः मिशनच्या अहवालांतून, सभांच्या वृत्तांतांतून आणि परदेशी लोकांनी लिहिलेल्या कौतुकाच्या परिच्छेदांतून. या सगळ्या मजकुरात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात : देवाचे व देणगीदारांचे आभार, आणि कामात मिळालेले उत्तेजन. या दोन शब्दांनी या माणसाविषयी काय सांगितले आणि काय झाकले, हा या लेखाचा विषय आहे. इथे मला शेषाद्रींचे चरित्र लिहायचे नाही. एका वाङ्मयप्रकाराची तपासणी करायची आहे, आणि तो प्रकार ज्याच्यापाशी तोकडा पडला तो माणूस म्हणून शेषाद्री समोर ठेवायचे आहेत.

सुरुवात १८४३ पासून करावी लागते. नारायण तेव्हा विशी ओलांडलेला तरुण होता, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला. तो अजून पोर होता. वडिलांनी न्यायालयाकडे धाव घेतली, आणि मूल अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे, कारण ते बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात येते. ख्रिस्ती लोकांत राहून आलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या हिंदू समाजात उभे दोन तट पडले. 'दर्पण'कार बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. मराठी प्रबोधनाच्या कोणत्याही इतिहासात 'श्रीपत शेषाद्री प्रकरण' या नावाने हा प्रसंग सापडतो, आणि तो सापडायलाच हवा.

पण या प्रकरणात थोरला भाऊ कुठे आहे? परत आलेल्याची कथा आपण सांगतो. जो परत आला नाही त्याची कथा या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात संपते. न्यायालयातून धाकट्या भावाला घरी नेले जात असताना नारायणाच्या मनात काय होते, हे विचारायची गरज आपल्या इतिहासकारांना वाटली नाही. मिशनच्या इतिहासकारांना ती वाटली, पण त्यांच्याजवळ उत्तर तयार होते : श्रद्धेची परीक्षा झाली, तो टिकला, देवाचे आभार. दोन्ही बाजूंनी त्या तरुणाला मोकळे केले. एका बाजूने विसरून, दुसऱ्या बाजूने धन्यवाद देऊन.

त्याच वर्षी मिशनच्या पायाखालची जमीनही हलली होती. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ च्या मे महिन्यात फूट पडली. डॉ. जॉन विल्सन आणि मुंबईतले त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चच्या बाजूला गेले आणि जुन्या चर्चच्या मालकीच्या इमारतींवरचा त्यांचा हक्क गेला. म्हणजे ज्यांच्या भरवशावर या मुलाने घर सोडले त्यांचेच घर नव्याने उभे राहायचे होते. अशा वेळी बाप्तिस्मा घेतलेल्या तरुणाला दीक्षा मिळेपर्यंत आणखी अकरा वर्षे गेली. विशीतली आणि तिशीतली अकरा वर्षे. या काळात त्याला धीर कुठून मिळत होता, हा प्रश्न मला बेथेलच्या सगळ्या यशापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

इथे मिशनरी पत्र आणि अहवाल या प्रकाराकडे वळले पाहिजे. त्याचा साचा एकदा डोळ्यांत बसला की पुढे पाने न वाचताही कळतात. आरंभी हवामान, पटकी, दुष्काळ किंवा रस्त्यांची दुर्दशा. मग शाळांची संख्या, मुलामुलींची हजेरी, झालेले बाप्तिस्मे, शिस्तभंगाबद्दल दूर केलेले सभासद. मध्येच एखादी म्हातारी किंवा आजारी मूल, ज्याच्या तोंडी एक साधे, हलवून टाकणारे वाक्य येते. शेवटी उत्तेजन देणाऱ्या घटनांची यादी, देवाची उपकारस्तुती आणि वर्गणीदारांचे आभार. यात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. तो सांप्रदायिक प्रकार होता, जशी आपल्याकडची आरती आहे. आरती म्हणणाऱ्याला प्रत्येक वेळी गहिवर येतोच असे नाही, आणि आला नाही म्हणून तो ढोंगी ठरत नाही.

प्रश्न निराळा आहे. हे पत्र कोणाला धीर देण्यासाठी लिहिले जाई? वरवर पाहता लिहिणारा आपल्याला मिळालेल्या उत्तेजनाविषयी बोलतो. प्रत्यक्षात ते उत्तेजन वाचणाऱ्यासाठी असते. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये इथे आल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या पत्रांवर व रोजनिशीवर आधारलेले चरित्र जॉन विल्सन यांनी तीन वर्षांत प्रसिद्ध केले. तिकडच्या धार्मिक कुटुंबांनी ते वाचावे हा त्यामागचा हेतू होता. सहा वर्षांत संपलेले एक तरुण आयुष्य पुढच्या तरुणांना बोट धरून इकडे आणणार होते. म्हणजे मिशनरीची कृतज्ञता ही त्याच्या मागून येणाऱ्यांची भरती होती. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या रिकाम्या संध्याकाळींना या प्रकारात जागा फार थोडी.

युरोपीय मिशनरीला निदान ही सोय होती की त्याचा वाचक त्याच्या गावचा होता. त्याची आई ते पत्र वाचत असे. नारायण शेषाद्रींचे पत्र वाचणारे एडिंबरोला होते. त्यांची आई ते पत्र वाचणार नव्हती. मला वाटते, मराठी ख्रिस्ती सेवकाच्या इंग्रजी लेखनातली कृतज्ञता वाचताना हा एक फरक क्षणभरही विसरू नये.

आता शब्दांकडे. मराठी बायबलने आणि प्रार्थनेच्या भाषेने देवाचे आभार मानण्यासाठी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ केला. शब्द देखणा आहे. पण आपल्या रोजच्या बोलण्यात 'उपकार' हा सुखाचा शब्द नाही. 'उपकार केलेस का?' हा टोमणा आहे. उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडावे लागतात, आणि फेडता आले नाहीत तर उतराई होण्याची भाषा करावी लागते. 'आभार' या शब्दातही भार आहेच. मराठी माणूस घरात आभार मानत नाही. मानले तर समोरचा दुखावतो. म्हणून उपकाराची स्तुती देवापुढे म्हटली की ती मोकळी करते, कारण देवाचे देणे फिटणार नाही हे दोघांनाही मान्य असते. तोच शब्द माणसापुढे म्हटला की मान खाली जाते. एकाच शब्दाच्या या दोन चाली आहेत, आणि मिशनच्या मराठीत त्या एकमेकींत मिसळल्या.

'उत्तेजन'ही तसेच. एकोणिसाव्या शतकात हा भारदस्त शब्द होता; ग्रंथकारांना उत्तेजन, देशी कलाकौशल्याला उत्तेजन, असा तो सर्वत्र दिसतो. आज तो निबंधस्पर्धेच्या निकालात तळाशी उरला आहे. पहिले, दुसरे, तिसरे आणि उत्तेजनार्थ. मी शाळेत असताना तीन वर्षे ओळीने उत्तेजनार्थ बक्षीस घेतले आहे, त्यामुळे त्या शब्दाची चव मला ठाऊक आहे. तुझे काम पुरते जमले नाही, पण तू सोडून जाऊ नयेस, एवढे तो शब्द सांगतो. जुन्या अहवालांत 'उत्तेजन देणारी चिन्हे' हा प्रयोग दिसला की मी तो याच अर्थाने वाचतो, आणि बहुधा चुकत नाही.

बेथेल हे नाव शेषाद्रींनी बायबलमधल्या ज्या कथेवरून घेतले ती कथा इथे आठवण्यासारखी आहे. याकोब हा घरातून पळालेला तरुण. भावाशी वैर झालेले, वाटेत रात्र पडलेली, उशाला दगड. स्वप्नात त्याला आकाशाला टेकलेली शिडी दिसते आणि देव त्याला आश्वासन देतो. सकाळी तो उशाचा दगड उभा करतो, त्याच्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. इथपर्यंतचा भाग प्रवचनांत येतो. त्यानंतरचा नवस कमी वेळा येतो. देव आपल्याला अन्नवस्त्र देईल आणि सुखरूप बापाच्या घरी परत पोचवील, तर तो आपला देव होईल, आणि मिळेल त्याचा दहावा भाग आपण त्याला देऊ, असे याकोब म्हणतो. नवस बोलण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. तरुण याकोबाची कृतज्ञता अटींवर उभी आहे, आणि तिच्यातली सर्वांत मोठी अट बापाच्या घरी परतण्याची आहे.

नारायण शेषाद्रींना बापाचे घर परत मिळणार नव्हते. मग त्यांनी आपल्या गावाला हेच नाव का दिले असेल? मिशनच्या जगात हे नाव सररास वापरले जाई, हे उत्तर बरोबर आहे आणि अपुरे आहे. भावापासून तुटलेल्या, घर मागे टाकलेल्या माणसाने हे नाव निवडले तेव्हा त्याला ती कथा शेवटपर्यंत माहीत होती. माझ्यापुरते मी हे नाव त्यांच्या आत्मचरित्राचे एकमेव प्रकाशित पान मानतो.

पण बेथेलमध्ये राहायला आलेली माणसे कोण होती? गावगाड्यात मांगाचे काम ठरलेले होते : दोर आणि चऱ्हाटे वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी आणि सनई वाजवणे, गावाची हलकी मानलेली कामे करणे. ग्रहण सुटताना दान मागण्याचा मान त्याचा. या व्यवस्थेत अपमान होता, उपासमार होती, गावाबाहेरचे जगणे होते. तरी एक गोष्ट तिच्यात होती जी मिशनच्या व्यवस्थेत नव्हती. बलुते हा हक्क होता. खळ्यावर मिळणाऱ्या पेंढीसाठी बलुतेदार वाकत असे, आशीर्वाद देत असे, पण ती आपली आहे हे त्याला आणि कुणब्याला दोघांनाही ठाऊक असे. पेंढी नाकारली तर तक्रार करता येत होती. बेथेलमध्ये जमीन मिशनची, विहीर मिशनची, शाळा मिशनची. हे सगळे हक्काने आले नव्हते, ते उपकाराने आले होते. माणूस गावकुसाबाहेरून आत आला, सरळ उभा राहायला शिकला, आणि त्याच वेळी आभाराच्या भाषेत शिरला. या अदलाबदलीत त्याचे हित झाले यात मला शंका नाही. मात्र अहवाल वाचताना या अदलाबदलीचे मोल कोणी मोजलेले दिसत नाही.

यातूनच दुसरा पेच आला. धर्मांतरावर पहिला आरोप नेहमीच पोटाचा असतो : धान्यासाठी झाले, जमिनीसाठी झाले. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा हा आरोप जोरात होता. त्याला उत्तर म्हणून मिशनरी नवख्रिस्ती माणसाच्या कृतज्ञतेचे दाखले देत : बघा, हा किती मनापासून आभारी आहे. आरोप करणारा तोच दाखला उचलून म्हणे, बघा, याला विकत घेतले आहे. एकच कृतज्ञता दोन्ही बाजूंचा पुरावा होत होती. आणि ज्याची ती कृतज्ञता, त्याचे तिच्याविषयी काय म्हणणे होते हे विचारायला दोन्ही बाजू तयार नव्हत्या. श्रीपत शेषाद्रीला जसे कोणी विचारले नाही, तसेच.

ही माणसे बोलू शकत नव्हती असे मानणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. जालन्याचे काम सुरू होण्यापूर्वीच, १८५५ मध्ये, मांग समाजातल्या एका मुलीचे लेखन मराठीत छापून आले होते, आणि तेही मिशनच्याच 'ज्ञानोदया'त. मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदा वर्षांच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध दलित लेखनाच्या इतिहासात आता योग्य जागी आहे. मी त्याकडे इथे वेगळ्या कारणासाठी पाहतो. या निबंधात आभार आहेत. इंग्रजी अंमलात जुने जुलूम थांबले याबद्दल ती समाधान सांगते. पण त्याच श्वासात ती देवाला प्रश्न विचारते : आमचा धर्म कोणता, हे तरी कळव. आपल्या लोकांच्या बायकांची बाळंतपणे कशी उघड्यावर होतात हे ती लिहिते, आणि आपल्या लोकांना शिकायला सांगते. तिच्या कृतज्ञतेत तक्रार शिल्लक आहे. म्हणूनच ती खरी वाटते. तिच्याविषयी एक आख्यायिकाही सांगितली जाते : शाळेची परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाने खाऊ दिला तेव्हा तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण आपल्या समाजाने ती जपून ठेवली, कारण उत्तेजनार्थ मिळालेला खाऊ परत करून हक्काची वस्तू मागणारी मुलगी त्याला हवी होती.

ज्या नियतकालिकांच्या जगात १८५५ मध्ये हे शक्य झाले, त्याच जगातल्या बेथेलच्या वृत्तांतांत मांग माणूस मुख्यतः तिसऱ्या पुरुषात येतो, आणि आला की बहुतेक वेळा आभारी असतो. दोष शेषाद्रींचा किती आणि अहवालाच्या साच्याचा किती, याची वाटणी करणे कठीण आहे. मी साच्याला जास्त धरतो. ज्या माणसाने ब्राह्मण म्हणून जन्मून मांगांच्या वस्तीत आयुष्य काढले त्याला त्यांची तक्रार ऐकू आली नसेल हे पटत नाही. ती लिहायला जागा नव्हती. वर्गणीदाराला तक्रार कळवून वर्गणी वाढत नसते. शाळेचे, देवळाचे आणि संस्थेचे अहवाल लिहिणाऱ्या आजच्या कार्यवाहांनाही हे सांगायला नको.

साचा फोडता येतो का? मराठीत तो दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा आत्मचरित्रामुळे. बाबा पदमनजी बेळगावचे. त्यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला, म्हणजे शेषाद्रींना दीक्षा मिळाली त्याच वर्षी. त्यांच्या 'अरुणोदया'चा हेतू शीर्षकातच आहे : रात्र सरली, उजाडले. म्हणजे आधीचे सगळे अंधारात ढकलण्याची परवानगी लेखकाने स्वतःला देऊन ठेवली आहे. पण लेखणी ती परवानगी पाळत नाही. लहानपणच्या घरातली पूजाअर्चा, व्रते, घरच्या माणसांची भाविकता, परमहंस सभेतली चोरटी धडपड हे सगळे ते इतक्या बारकाईने आणि मायेने लिहितात, की अंधाराला रंग चढतात. ज्यांनी आपल्याला अडवले त्यांच्याविषयीही बाबांच्या मनात ऋण आहे, आणि ते त्यांनी न सांगता वाचकाला कळते. मी 'अरुणोदय' प्रथम वाचले ते धर्मांतराची कैफियत म्हणून. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते मला सोडलेल्या घराला लिहिलेले पत्र वाटले. शेषाद्रींनी असे पत्र लिहिले असते तर ते जालन्याहून निघाले असते, हे मनातून जात नाही.

दुसरे पुस्तक अर्थातच 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. टिळकांच्या कथेचा आरंभच आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला, बोलणे झाले, त्याने नवा करार हातात दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगून तो गेला. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. आयुष्याची दिशा बदलणारा उपकार, आणि आभार मानायला माणूसच नाही! अहवालात असा प्रसंग बसत नाही. तिथे देणाऱ्याचे नाव आणि रक्कम लागते. टिळकांचा पुढचा सगळा बाणा मला या अनामिकाशी जोडलेला दिसतो. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम करूनही पगाराच्या बंधनाविषयी ते अस्वस्थ राहिले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. उपकार देवाचा असेल तर हिशेब मिशनच्या वहीत का, असा तो सवाल होता. त्यांनी तो गद्यात फारसा मांडला नाही. त्यांच्या पदांत उपकारस्तुतीला वारकरी अभंगाचा मोकळा गळा मिळाला हेच त्याचे उत्तर.

टिळक गेल्यावर चार वर्षांनी, १९२३ मध्ये, जे. सी. विन्स्लो यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. विन्स्लो स्वतः मिशनरी, वृत्तीने भारतप्रेमी, आणि त्यांचे पुस्तक आदराने ओथंबलेले आहे. ते वाचून टिळकांविषयी कृतज्ञता वाटते. 'स्मृतिचित्रे' वाचून टिळकांवर राग येतो, हसू येते, आणि मग कृतज्ञता वाटते. या क्रमातच सगळे आहे. घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येणारा नवरा, न सांगता निघून जाणारा नवरा, बायकोला पाच वर्षे दोन धर्मांच्या मध्ये टांगून ठेवणारा नवरा लक्ष्मीबाई लपवत नाहीत. त्यांच्या पुस्तकात आभाराचा परिच्छेद शोधून सापडत नाही, आणि धीर देणारी माणसे मात्र पानोपानी भेटतात : शेजारणी, नातेवाईक, सांभाळायला आलेली मुले, कोणी डॉक्टर, कोणी मडमीण. जातीचे बंध मनातून कसे सुटले हे त्या सांगतात तेव्हाही कोणाच्या शिकवणुकीचे उपकार पुढे करत नाहीत. आपण स्वतः विचार केला आणि ठरवले, असे सांगतात. ज्या बाईचे फारसे शालेय शिक्षण नव्हते तिने मिशनच्या भाषेचा साचा सहज बाजूला सारला, कारण तो तिला कोणी शिकवलाच नव्हता.

या दोन पुस्तकांनंतर बेथेलकडे परत आले की रितेपण अधिक जाणवते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. जगभरचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जमले होते, त्यांत पागोटे घातलेले नारायण शेषाद्री होते. तिथल्या लोकांचे लक्ष त्यांनी वेधून घेतले. त्यांच्या इंग्रजीचे, त्यांच्या वेशाचे, त्यांच्या धर्मांतराच्या कथेचे कौतुक झाले. बेथेलच्या कामासाठी निधी गोळा करत ते सभांमागून सभांत बोलले. साधारण पन्नाशीच्या या माणसाला, विशीत घडलेली गोष्ट, भावाची, बापाची, न्यायालयाची, प्रत्येक नव्या सभागृहात पुन्हा सांगावी लागत असणार. दर वेळी शेवट तोच : मी देवाचा आभारी आहे, तुमचाही आभारी आहे. घाव सांगून वर्गणी मिळते, हे कोणत्याही काळातल्या संस्थाचालकाचे दुखणे आहे. पण इथे घाव स्वतःचा होता आणि वर्गणी जालन्याच्या मांग कुटुंबांसाठी होती. याला मी ढोंग म्हणणार नाही. मला तो एक प्रकारचा दशमांश वाटतो. याकोबाने कबूल केलेला दहावा भाग शेषाद्रींनी पैशात दिला नाही, आठवणीत दिला.

आणि उत्तेजन? ते त्यांना कुठे मिळाले असेल याचा माग मी टाळ्यांच्या सभागृहांत घेणार नाही. ब्राह्मण घरातल्या मुलाने मांगाच्या घरी पाणी प्यायला ज्या दिवशी पहिल्यांदा पेला उचलला, त्या दिवशी घाबरला कोण असेल? पाजणारा अधिक घाबरला असणार. गावात कळले तर मार त्याला बसणार होता. तरी त्याने पेला पुढे केला असेल, तर त्या व्यवहारात देणारा तो होता आणि घेणारे रेव्हरंड. कोणत्याही अहवालाच्या रकान्यात हे देणे चढत नाही. जालन्याच्या मिशनचा इतिहास उपकाराच्या उलट्या दिशेने लिहायचा झाला तर तो अशा पेल्यांपासून लिहावा लागेल : ब्राह्मण पाळकाला आपल्यात घेणाऱ्या मांगांचा इतिहास. प्रायश्चित्त देऊन श्रीपतला जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत वर्षभर खल झाला. नारायणाला आपल्यात घ्यावे की नाही हे जालन्याच्या मांगवाड्याने कोणत्याही शास्त्र्याला न विचारता ठरवले.

नारायण शेषाद्री १८९१ मध्ये परदेशाहून परतताना समुद्रावरच वारले. जालन्याच्या मातीत त्यांना जागा मिळाली नाही. मागे राहिले ते गाव, आणि अशा गावांत राहतात त्या वह्या : बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या. बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाचे नाव असते, आईबापांची नावे असतात, तारीख असते आणि शेवटच्या रकान्यात संस्कार करणाऱ्याची सही. अशा वह्यांत जुन्या आणि नव्या नावांची विलक्षण सरमिसळ दिसते. बायबलमधला एखादा संदेष्टा आणि मरीआईला बोललेल्या नवसाचे एखादे नाव शेजारी शेजारी, एकाच घरात. आईने दोन्ही नावे ठेवली, आणि दोन्ही हाका मारल्या.